वाचकांचे प्रश्न : इंदूर ते पुणे, आकाशातून आणि रस्त्याने

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे प्रवासाविषयीची पत्रे वाढतात. इंदूरच्या बहुतेक मराठी घरांतले कोणी ना कोणी आता पुण्याला नाही तर मुंबईला असते, त्यामुळे अंतर आणि वेळ यांविषयीचे प्रश्न जवळजवळ सारखेच येतात. या अंकात त्यांतले पाच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पुण्याला असतो. इंदूर ते पुणे हवाई अंतर इंटरनेटवर शोधले, तेव्हा एका ठिकाणी ५१०, दुसऱ्या ठिकाणी ३१७ आणि तिसऱ्या ठिकाणी २७५ असा आकडा मिळाला. रस्त्याचे अंतर मात्र बहुतेक ठिकाणी सहाशेच्या आसपास दिलेले आहे. यांतला खरा आकडा कोणता, आणि तो घरी बसून ताडून पाहता येईल का? (एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : पहिले तिन्ही आकडे खरे आहेत, कारण एकच अंतर तिथे तीन वेगवेगळ्या मापांत सांगितले आहे. ५१० हे किलोमीटर आहेत, ३१७ हे मैल आहेत आणि २७५ हे सागरी मैल आहेत. विमानचालक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांचा सगळा व्यवहार सागरी मैलांतच चालतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आकड्यापुढचे माप न वाचता आकडा उचलला की असा गोंधळ होतो, आणि अनेक संकेतस्थळांवर ते माप इतक्या बारीक अक्षरात असते की चष्मा लावूनही सुटते.

ताडून पाहायला शाळेतला भूगोल आणि पायथागोरसचा सिद्धांत एवढे पुरे आहे. इंदूर सुमारे २२.७२ उत्तर अक्षांशावर आणि ७५.८६ पूर्व रेखांशावर आहे, तर पुणे १८.५२ अक्षांशावर आणि ७३.८६ रेखांशावर आहे. म्हणजे अक्षांशांत ४.२ अंशांचा आणि रेखांशांत २ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कुठेही सुमारे १११ किलोमीटरचा भरतो, म्हणून आपल्याला दक्षिणेकडे ४६६ किलोमीटर जायचे आहे. रेखांशाच्या रेषा मात्र ध्रुवाकडे एकमेकींच्या जवळ येत जातात, त्यामुळे विषुववृत्तावर १११ किलोमीटर असलेला अंश आपल्या भागात, विसाव्या-एकविसाव्या अक्षांशाच्या पट्ट्यात, १०४ किलोमीटरपर्यंत आक्रसलेला असतो आणि पश्चिमेकडचे अंतर २०८ किलोमीटर येते. ४६६ आणि २०८ यांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढा. उत्तर ५१० येईल. इतक्या थोड्या अंतरासाठी पृथ्वीचा गोलावा हिशोबात धरला नाही तरी फरक नगण्य राहतो. नातवंडांना सुट्टीत वही-पेन्सिल देऊन हे गणित जरूर करायला सांगावे. नकाशावरचे आकडे कुठून येतात हे एकदा हाताने केल्यावर पक्के कळते.

एक बारकावा इथे सांगायला हवा. हे ५१० किलोमीटर शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचे आहेत. आपला देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराच्या पश्चिमेला बिजासन टेकरीजवळ आहे आणि पुण्याचा विमानतळ शहराच्या ईशान्येला लोहगावला आहे, म्हणून विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजले तर तेच अंतर ५०० किलोमीटरच्या आसपास येते. रस्त्याचेही तसेच आहे. मैलाच्या दगडावरचा आकडा आपल्या घराच्या फाटकापर्यंतचा नसतो, तो शहरातल्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंतचा असतो. पुण्यात लष्कर भागातल्या मुख्य टपाल कार्यालयाजवळ असा शून्य मैलाचा दगड आहे. कोथरूडला किंवा हडपसरला जाणाऱ्याने वरचे किलोमीटर आपले आपण धरायचे असतात.

आता रस्त्याचे अंतर सुमारे ९० किलोमीटरनी जास्त का, ते पाहू. इंदूर आणि पुणे यांची समुद्रसपाटीपासूनची उंची जवळजवळ सारखीच, साडेपाचशे मीटरच्या घरातली आहे, परंतु या दोन पठारांच्या मध्ये नर्मदा आणि तापी अशा दोन मोठ्या नद्यांची खोरी आणि त्या खोऱ्यांच्या मधोमध सातपुडा आहे. विमानाला यांतले काहीच आडवे येत नाही. रस्त्याला मात्र आधी माळव्याच्या पठारावरून मानपूरच्या पुढे घाट उतरून निमाडात यावे लागते, खलघाटला नर्मदा ओलांडावी लागते, सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात सातपुडा पार करावा लागतो, शिरपूरजवळ तापी ओलांडून धुळ्याला यावे लागते आणि तिथून दख्खनच्या पठारावर पुन्हा हळूहळू चढत जावे लागते. मला या वाटेवरची एक गोष्ट नेहमी आवडत आली आहे. विमानाने जा किंवा मोटारीने, बिजासनी देवी दोन्ही वाटांवर भेटते : एकदा इंदूरच्या टेकरीवर धावपट्टीच्या शेजारी आणि एकदा राज्याच्या सीमेवरच्या घाटात.

प्रश्न : माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना पुण्याला नणंदेकडे न्यायचे आहे. यजमान म्हणतात की विमानाला एक तास लागतो आणि मोटारीला बारा, तेव्हा विचार करण्यासारखे काही नाही. नणंद म्हणते की विमानातही अर्धा दिवस जातोच, मग मोटारीने आरामात या. प्रत्यक्षात किती वेळ लागतो? (एक वाचिका, तिलकनगर, इंदूर)

उत्तर : आपल्या नणंदबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, परंतु निष्कर्ष माझ्या मते आपल्या यजमानांचा बरोबर आहे. दोघांच्याही हिशोबात जे सुटले आहे ते आधी सांगतो.

मी गेल्या काही वर्षांत हा प्रवास दोन्ही मार्गांनी अनेकदा केला आहे आणि प्रत्येक वेळी एका लहान वहीत वेळा टिपून ठेवल्या आहेत. त्यांतली विमानाची एक नोंद अशी आहे. लोकमान्य नगरातल्या घरून ७ वाजून ५ मिनिटांनी निघालो, ७.३५ ला विमानतळावर पोचलो. विमानाची वेळ साडेनवाची होती. सामान देण्याचा काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून यापेक्षा फार उशिरा निघणे मला धोक्याचे वाटते. विमान वेळेवर हलले, पावणेदहाला त्याने जमीन सोडली आणि १०.३५ ला ते लोहगावला उतरले. जागेवर जाऊन उभे राहीपर्यंत १०.४२ झाले. सामानाच्या पट्ट्यावरून बॅग हातात आली तेव्हा ११.०५ झाले होते, टॅक्सी निघाली तेव्हा ११.२०, आणि कोथरूडच्या घराची घंटा वाजवली तेव्हा १२ वाजून २० मिनिटे झाली होती. घरापासून घरापर्यंत सव्वापाच तास लागले, आणि त्यांपैकी हवेत फक्त ५० मिनिटे गेली.

मोटारीची नोंदही तिच्याच शेजारच्या पानावर आहे. पहाटे ५.१० ला निघून राऊ, मानपूर करत साडेसहाला खलघाटच्या पुलावर होतो. नर्मदेवर अजून धुके होते आणि घाटावर दोन-चार माणसे स्नान करत होती. सेंधव्याला चहा-पोहे झाले, ८.४० ला बिजासन घाटात राज्याची सीमा ओलांडली आणि दहाला धुळे आले. इथपर्यंतचे सुमारे २५५ किलोमीटर चौपदरी रस्त्यावरून पाच तासांच्या आत झाले होते. धुळ्यानंतर मालेगावपर्यंतही तसेच गेले. परंतु मालेगावहून मनमाड, येवला, कोपरगाव, शिर्डी आणि अहिल्यानगर असा रस्ता धरला की गावे रस्त्यावर येतात, उसाच्या ट्रॉल्या येतात, आणि घड्याळाचा काटा किलोमीटरच्या पुढे पळू लागतो. जेवण धरून अहिल्यानगरला पावणेतीन झाले. वाघोलीला चार वाजता पोचलो, आणि वाघोलीहून कोथरूडला पोचायला ५.२५ झाले. म्हणजे इंदूरहून खलघाटपर्यंतच्या ८० किलोमीटरना जितका वेळ लागला होता, तितकाच, किंबहुना पाच मिनिटे जास्त, पुण्याच्या आतल्या शेवटच्या पंचवीस किलोमीटरना लागला. एकूण सव्वाबारा तास झाले.

तेव्हा तुलना एक तास आणि बारा तास अशी नसून सव्वापाच आणि सव्वाबारा अशी आहे. नणंदबाई म्हणतात तसा अर्धा दिवस विमानातही जातोच. परंतु सासूबाईंच्या गुडघ्यांच्या दृष्टीने एकूण तासांपेक्षा एका जागी पाय दुमडून किती वेळ बसावे लागते, हे अधिक महत्त्वाचे आहे. विमानाच्या सव्वापाच तासांत सलग बसणे सव्वा तासाचे आहे, बाकीच्या वेळात उठता येते, पाय सरळ करता येतात, आणि स्वच्छतागृह नेहमी जवळ असते. मोटारीत दर दोन तासांनी थांबायचे ठरवले तरी स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल तिथेच थांबावे लागते, आणि या मार्गावर ते धुळ्यापर्यंत जितके सहज मिळते तितके पुढे मिळत नाही. वयस्कर बायका या भीतीने प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि पोचल्यावर दोन दिवस आजारी पडतात. माझ्या आईचे हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. रात्रीच्या स्लीपर कोचचा विचार मात्र मुळीच करू नये. वरच्या बर्थवर चढणे तर सोडाच, खालच्या बर्थवरूनही धावत्या बसमध्ये उठणे दुखऱ्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि वेळही बारा-चौदा तासांचा लागतो.

विमानाचे ठरवल्यास तिकीट काढतानाच चाकांची खुर्ची नोंदवावी. ती ऐनवेळी मागितली तर मिळते, पण वाट पाहावी लागते. त्याच वेळी, शिड्या चढता येत नाहीत, असेही स्पष्ट सांगावे. विमान नेहमीच टर्मिनलच्या पुलाला लागते असे नाही. ते दूर उभे असेल तर प्रवाशांना बसने नेऊन शिडीने चढवतात, आणि शिडी चढू न शकणाऱ्यांसाठी वर उचलणारे वाहन आणावे लागते. ते आधी कळवले असेल तर तयार असते. जागा मधल्या वाटेच्या कडेची घ्यावी. फार पहाटेचे विमान भाडे कमी असले तरी टाळावे, कारण त्यासाठी सासूबाईंना तीन वाजता उठावे लागेल आणि वाचवलेले पैसे त्यांच्या झोपेतून वजा होतील.

काही कारणाने मोटारीनेच जायचे झाले, तर दोन दिवसांचा प्रवास करावा आणि शिर्डीला मुक्काम करावा. तिथे उतरायची सोय सर्व प्रकारची आहे, सुमारे दोन-तृतीयांश वाट संपलेली असते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पुण्यात शिरता येते. आपल्या आज्या-पणज्या अंतर कोसांपेक्षा मुक्कामांत सांगत असत, आणि वयस्कर माणसाला बरोबर नेताना ते माप आजही उपयोगी पडते.

प्रश्न : विमान ताशी ८०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाते असे वाचतो. मग पाचशे किलोमीटरना तिकिटावर सव्वा तास का लिहिलेला असतो? चाळीस मिनिटे पुरायला हवीत. (महाविद्यालयातील एक विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : तिकिटावरची वेळ उडण्यापासून उतरण्यापर्यंतची नसते. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून पुढच्या विमानतळावर जागेवर उभे राहते तोपर्यंतची ती असते. यात धावपट्टीपर्यंत जाणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि उतरल्यावर पुन्हा तसेच परत येणे हे सगळे धरलेले असते, आणि वर थोडी मिनिटे उशिराची सोय म्हणूनही राखलेली असतात.

दुसरे असे की, ताशी ८०० किलोमीटरच्या पुढचा वेग हा उंचावरच्या सपाट उड्डाणाचा वेग आहे, आणि इतक्या जवळच्या प्रवासात तो फार थोडा वेळ मिळतो. वैमानिकांचा उतरण्याचा ठोकताळा असा आहे की, दर एक हजार फूट उंचीसाठी तीन सागरी मैल धरायचे. विमान ३३,००० फुटांवर असेल तर जवळजवळ १०० सागरी मैल, म्हणजे सुमारे १८५ किलोमीटर आधी उतार सुरू करावा लागतो. सरळ रेषेत गेले तर पुण्याच्या विमानाचा उतार येवल्याच्या आसपास सुरू होतो. तितकीच नसली तरी बरीच वाट चढण्यातही जाते. मधे सपाट उड्डाणाला दीडशे-दोनशे किलोमीटर उरतात. त्याशिवाय इंदूरची आणि पुण्याची, दोन्ही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत आणि जायचे आहे दक्षिणेला, थोडेसे पश्चिमेकडे कलून. म्हणजे दोन्ही टोकांना वळसा आलाच. पुण्याचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे आणि धावपट्टी दोघांना मिळून एकच आहे, तेव्हा कधी कधी हवेतही थांबावे लागते. माझ्या वहीतल्या ५० मिनिटांवरून सरासरी वेग काढला तर तो ताशी सुमारे ६०० किलोमीटर येतो, आणि तो अगदी योग्य आहे.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंदूरला लख्ख ऊन असले तरी आपले विमान जर सकाळी दिल्लीहून यायचे असेल आणि दिल्लीत धुके असेल, तर तो उशीर पुण्यापर्यंत आपल्याबरोबर येतो. तेच विमान दिवसभरात अनेक शहरे करत असते.

प्रश्न : मुंबईला मोटारीने ५८५ किलोमीटर, मग अवंतिका एक्स्प्रेसला इतके जास्त अंतर का पडते? आणि मनमाडच्या नव्या मार्गाने काय फरक पडेल? (एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, महू)

उत्तर : मोटारीचा रस्ता, म्हणजे आपला एबी रोड (आग्रा-मुंबई रस्ता), घाट उतरून थेट नर्मदा ओलांडतो. रेल्वेला तेवढा चढ-उतार झेपत नाही, म्हणून आपली गाडी उज्जैन, रतलाम, दाहोद, गोध्रा आणि वडोदरा असा पश्चिमेकडून मोठा वळसा घेऊन सुरतेमार्गे मुंबईला जाते आणि सुमारे ८३० किलोमीटर चालते. इंदूर-मुंबई हवाई अंतर ५०५ किलोमीटरच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे वळसा केवढा आहे ते कळते.

इंदूर-मनमाड नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो ३०९ किलोमीटरचा आहे, त्यासाठी १८,०३६ कोटी रुपये खर्च धरला आहे आणि त्यावर ३० नवी स्थानके होणार आहेत. मनमाडहून मुंबई रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर आहे, तेव्हा एकूण अंतर ५७० च्या जवळ येईल, म्हणजे मोटारीपेक्षाही थोडे कमी. वेळ किती वाचेल हे घाटातल्या वेगावर आणि किती स्थानकांवर थांबा मिळतो यावर राहील. बडवानी या आदिवासीबहुल जिल्ह्याला मात्र या मार्गाने पहिल्यांदा रेल्वे मिळणार आहे, आणि माझ्या मते त्याचे मोल मुंबईच्या प्रवासात वाचणाऱ्या तासांपेक्षा जास्त आहे.

प्रश्न : इंदूरहून वडोदरा आणि ग्वाल्हेर यांपैकी जवळ कोणते? (एक वाचिका, राजवाडा परिसर, इंदूर)

उत्तर : वडोदरा. हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे आणि धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा या रस्त्याने साडेतीनशेच्या आसपास पडते. ग्वाल्हेर हवाई मार्गाने सुमारे ४५५ आणि गुणा-शिवपुरीवरून रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटर आहे. दोन्हीकडे मोटारीने जाणे सोयीचे आहे. वडोदऱ्याला सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येते, ग्वाल्हेरला मात्र संध्याकाळ धरावी.